नाझुना म्हणजे कमळ नव्हे

बाळंतपणाला आई जाते. बापाने जायची पद्धत नाही. माझी बायको वारल्याला चार वर्षं झाली होती, त्यामुळे आमच्या मुलीच्या बाळंतपणाला आमच्याकडून कोणीच जाणार नव्हतं. मी फोनवर म्हणालो होतो, सुट्टी काढतो आणि येतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही येऊन काय करणार? त्याची आई आहे ना इथे. तुम्ही मार्चमध्ये या, नामकरणाला. तेव्हा निवांत भेटू."

तिचं बरोबर होतं. फ्रीमाँटच्या त्यांच्या टाउनहाउसमध्ये दोन बेडरूम. एकीत ती दोघं, दुसरीत तिच्या सासूबाई. मी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला हर्नडनमध्ये, तीन बेडरूमच्या घरात एकटा. गरज आहे तिथे दोन खोल्या आणि नाही तिथे तीन. मी ते मनात मांडून पाहिलं आणि सोडून दिलं. मग डिंकाचे लाडू केले. बायको कसे करायची ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं. इंटरनेटवरच्या तीन पद्धतींत डिंकाचं प्रमाण वेगवेगळं होतं, म्हणून मी मधलं घेतलं, प्रत्येक लाडू काट्यावर चाळीस ग्रॅमचा वळला आणि पार्सल पाठवलं. मुलीचा मेसेज आला, "मस्त झालेत बाबा." खाली एक हृदय.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी 'बरोबर आहे' म्हणून सोडलेल्या गोष्टींत चूक शोधायची, याचे मला पैसे मिळतात. घरातही सवय तीच. पाहिल्याशिवाय मी काही मान्य करत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते मी न पाहता मान्य केलेल्या एका गोष्टीमुळे झालं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नात झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचा हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल आला. गुंडाळलेलं बाळ, त्याची बंद मूठ, मागे जावई झोपाळलेल्या डोळ्यांनी हात हलवत होता.

"नाव ठरलं बाबा. नाझुना."

"काय?"

"ना-झु-ना. जपानी आहे. फार कॉमन नाही. छोटं पांढरं फूल असतं."

"छान आहे," मी म्हणालो. तेवढ्यात नर्स आली आणि कॉल संपला.

आमच्या भागातली दहा-बारा बौद्ध कुटुंबं महिन्यातून एका रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये वंदनेला जमतात. नागपूरचे, पुण्याचे, मुंबईचे, सगळे मिसळून. त्या रविवारी मी पेढे घेऊन गेलो. नागपूरपासूनचा माझा एक मित्र तिथे असतो, त्याने दारातच पकडलं.

"काय बे आजोबा! नाव काय ठेवलं पोरीचं?"

"नाझुना."

"हे कोणतं नाव?"

"जपानी. जावई जपानी आहे ना."

"अरे वा! जपान म्हणजे आपलाच देश म्हण. बुद्धाचा देश. अर्थ काय?"

"फूल आहे. पांढरं."

"पांढरं फूल?" त्याने दोन पेढे एकदम उचलले. "म्हणजे कमळच असणार. दुसरं काय असणार यार!"

"असावं," मी म्हणालो.

इतकंच म्हणालो. पण ऐकायला बरं वाटलं हे खरं. आम्ही धर्म बदललेली माणसं. जपान म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर विहार येतो, भिक्खू येतात, कमळ येतं. त्या देशात लोक भाजी निवडत असतील, तण उपटत असतील, असं आमच्या डोक्यात येत नाही. वंदना संपेपर्यंत माझं 'असावं' गळून पडलं होतं. संध्याकाळी मित्राने ग्रुपवर टाकलं, 'नाझुना, अर्थात शुभ्र कमळ. अभिनंदन आजोबा!' पुढे कमळांची रांग. मी त्यावर अंगठा टाकला.

फेब्रुवारीत मुलीचा फोन आला. नामकरणाचा हॉल ठरला होता. "आणि बाबा, नाव तुम्ही जाहीर करायचं. अर्थही तुम्हीच सांगायचा. आई असती तर मी तिला सांगितलं असतं, पण आता तुम्ही."

आमच्या घरात नामकरणाची रीत अशी आहे, की त्रिसरण-पंचशील झालं की घरातलं वडीलधारं माणूस उभं राहून बाळाचं नाव सांगतं आणि त्या नावाचा अर्थ सर्वांना समजावून देतं. अर्थावर आमचा भर असतो. त्याला कारण आहे. माझ्या आजोबांच्या नावाचा अर्थ केर असा होता. लाडाने ठेवलेलं नव्हतं, मूल जगावं म्हणून दृष्ट टाळायला ठेवलेलंही नव्हतं. आमच्या वस्तीतल्या मुलांना चांगली नावं ठेवलेली गावाला खपत नसत. केर झाडणाऱ्याचं नाव केर. धर्मांतरानंतर माझ्या वडिलांनी शाळेत जाऊन स्वतःचं नाव स्वतः बदलून घेतलं आणि पुढे आयुष्यभर ते पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता, सही म्हणून लिहीत राहिले. बँकेतला माणूस म्हणायचा, काका, छोटी सही करा. ते करत नसत. माझं नाव त्यांनी विचार करून ठेवलं. आमच्या मुलीचं नाव मी आणि बायकोने पाली शब्दकोश उघडून ठेवलं, दोन आठवडे भांडून. आमच्या घरात कोणाच्या नावाचा अर्थ माहीत नाही असं होत नाही.

तेव्हा भाषण लिहायला बसलो तर पहिलं काम अर्थ तपासायचं. शनिवारची सकाळ होती. मी शोधलं, आणि पहिलंच चित्र पाहून चष्मा पुसला.

ती वनस्पती माझ्या लॉनमध्ये होती. जमिनीला चिकटून पसरलेली दातेरी पानं, मधून वर आलेली बारीक काडी, टोकाला मोहरीएवढी पांढरी फुलं, आणि काडीला दोन्ही बाजूंनी लटकलेल्या त्रिकोणी शेंगा. अमेरिकेत तिला मेंढपाळाची थैली म्हणतात. लॉनला औषध मारायला येणारा माणूस दर वर्षी दारावर चिठ्ठी लावून जातो, त्यावर तणांची नावं छापलेली असतात, त्यात ही असते. आमच्या सोसायटीचा नियम आहे, समोरच्या लॉनमध्ये तण दिसता कामा नये. एकदा मला नोटीस आली होती. तेव्हापासून मधल्या दिवसांत मी स्वतःही फवारतो, पाण्यात किती औषध मिसळायचं हे मला पाठ आहे.

मी आणखी वाचलं. चार ठिकाणी पाहिलं, एका ठिकाणावर विश्वास ठेवला नाही. जपानमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या सातव्या दिवशी सात रानभाज्या भाताच्या पेजेत घालून खातात, सणासुदीच्या जड खाण्यानंतर पोटाला हलकं म्हणून आणि वर्षभर आजार नको म्हणून. त्या सातांतली ही एक. शब्द कुठून आला याबद्दल एकमत नाही. काही म्हणतात, हात फिरवावासा वाटतो अशी भाजी. काही म्हणतात, उन्हाळ्यात नसते ती, कारण उन्हाळा यायच्या आत वाळून जाते. मुलीचं नाव म्हणून फार थोडे ठेवतात. कमळ कुठेच नव्हतं.

मी मुलीला फोन लावला. तिथे सकाळचे सात वाजले असतील, हे मी पाहायला हवं होतं.

"तण?" मी म्हणालो. "पोरीचं नाव तण ठेवलंस?"

"बाबा, गुड मॉर्निंग. ती हर्ब आहे. खातात ती."

"माझ्या लॉनमध्ये आहे ती! मी औषध मारतो तिच्यावर!"

"मग नका मारू."

"तुझ्या पणजोबांचं नाव काय होतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. शंभर वेळा सांगितलंय तुम्ही."

"तरी?"

बाळ कुरकुरत होतं. "बाबा, पणजोबांचं नाव त्यांना हिणवायला ठेवलं होतं. हिचं मी आवडलं म्हणून ठेवलंय. दोन्ही सेम आहे का?"

"लोकांना काय सांगू मी? हॉलमध्ये उभा राहून काय सांगू?"

"काही नका सांगू. तुम्हाला लाज वाटत असेल तर इथल्या आपल्या मंडळींतल्या काकू सांगतील."

"त्याच सात भाज्यांत एक आहे," मी म्हणालो, कारण मी तीही नावं उतरवून घेतली होती. "बुद्धाचं आसन असा अर्थ होतो. होतोकेनोझा. ठेवायचंच होतं तर ते ठेवायचं."

पलीकडे जावई ऐकत असावा. तो हसला, मग इंग्रजीत म्हणाला, "बाबा, प्लीज. मुलीचं नाव कोणी होतोकेनोझा ठेवत नाही. तिला शाळेत मारतील."

मला हसू आलं नाही. "तू काकूंनाच सांग मग," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिने फोन केला नाही, मीही केला नाही. फोटो येत राहिले. ते फॅमिली ग्रुपवर सगळ्यांना यायचे तसे मलाही आले. एकट्या माणसाचं भांडण फार दिवस टिकतं, कारण मध्ये बोलायला कोणी नसतं. बायको असती तर तिने दोन दिवसांत मोडून टाकलं असतं. तिने मला म्हटलं असतं, "झालं तुमचं?" आणि मुलीला फोन लावून माझ्या हातात दिला असता. मी ऑफिसचं काम घरूनच करतो. शुक्रवारी शेवटची मीटिंग संपली की सोमवारपर्यंत मी तोंडाने बोलतो ते फक्त इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर, आणि तिथलाही मुलगा आता 'पिशवी हवी का' विचारत नाही, त्याला माहीत आहे मी घरून आणतो. एका रविवारी लक्षात आलं की सकाळपासून मी एक शब्द बोललेलो नाही. मोठ्याने 'नाझुना' म्हणून पाहिलं. घसा बसल्यासारखा आवाज आला.

वंदनेला मी गेलो, पण मित्राला काही सांगितलं नाही. त्याने विचारलं, "आमची कमळ काय म्हणते?" मी म्हणालो, बरी आहे.

मार्चमध्ये तिकीट आधीच काढलेलं होतं, म्हणून गेलो. परत मिळण्यासारखं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

जावयाने एअरपोर्टवरून आणलं. मुलीने दारात मला मिठी मारली, घट्ट, पण लगेच सोडली. बाळ माझ्या हातात दिलं. साडेपाच किलो. मी वजन विचारलं म्हणून तिने सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही बदलणार नाही." मी बाळाकडे पाहत होतो. त्याला मी 'बाळ' म्हणत होतो, 'पिल्लू' म्हणत होतो. नाव घेतलं नाही. मुलीच्या ते लक्षात आलं असणार. पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर माझ्या लाडवांचा डबा मागच्या बाजूला होता. जवळजवळ भरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आणि जावई बाळाला डॉक्टरकडे घेऊन गेले. घरात मी आणि विहीणबाई. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, लहानखुऱ्या, लग्न होऊन या देशात आलेल्या. इंग्रजी तोडकं बोलतात, माझ्यापेक्षा हळू. इतके दिवस आमचं बोलणं म्हणजे व्हिडिओवर एकमेकांना वाकणं. त्या तांदूळ धुवत होत्या. मी चहा करत होतो. अचानक त्या म्हणाल्या, "नाव. तुम्हाला आवडलं?"

मी खरं सांगितलं. "नाही."

त्यांनी नळ बंद केला. "मलाही नाही."

"तुम्हाला नाही?"

"मी सांगितलं, नको. गवत आहे ते. आमच्याकडे म्हणतात, घराच्या छपरावर हे गवत उगवलं की समजायचं, घर बसलं. माणसं गेली." त्यांनी हाताने छप्पर दाखवलं, मग ते खाली बसवलं. "मुलीला असं नाव? पण ऐकत नाही."

"माझीही ऐकत नाही."

"तुमची मुलगी आहे," त्या म्हणाल्या. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

आम्ही दोघं चहा घेऊन मागच्या अंगणात बसलो. फार दिवसांनी कोणीतरी माझ्या बाजूचं भेटलं होतं. मला बरं वाटलं, आणि त्यात थोडी शरमही होती, कारण आमचं एकमत एका अडीच महिन्यांच्या मुलीविरुद्ध होतं. कुंपणाच्या कडेला, फरशीच्या फटीत, ती वनस्पती उगवलेली होती. विहीणबाईंनी वाकून एक काडी तोडली. प्रत्येक शेंगेचा देठ धरून जरासा खाली ओढला, इतकाच की शेंग सालीला लटकून राहील, तुटणार नाही. मग काडी माझ्या कानाजवळ आणून दोन बोटांत फिरवली. शेंगा एकमेकींवर आपटल्या. आवाज इतका लहान होता की मला श्वास थांबवावा लागला.

"लहानपणी करायचो," त्या म्हणाल्या. मग काडी फेकून दिली. "तरी नाव नाही."

त्या दिवशी दुपारी मुलगी बाळाला पाजत बसली होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होतो. मी विचारलं, "तुला सुचलं कुठून हे नाव? तुझ्या सासूबाईंनाही नको होतं."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं?" ती हसली. "दोघं मिळून गॉसिप करता का?"

"सांग ना."

ती बाळाकडे पाहत बोलली. "डिलिव्हरीनंतर मला काही जात नव्हतं बाबा. हॉस्पिटलचं अन्न समोर आलं की ओकारी. दुसऱ्या दिवशी सात तारीख होती. सासूबाई थर्मासमधून पेज घेऊन आल्या. नुसता भात, मीठ आणि हिरवा पाला. पहिला घास घेतला आणि मला आईच्या कण्या आठवल्या."

"कुठल्या कण्या?"

"ज्वारीच्या. मी आजारी पडले की ती करायची. पातळ, वर चिवळीची भाजी घालून. तुम्हाला आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं. मी ऑफिसला जायचो तेव्हा मुलीला ताप असायचा, आणि यायचो तेव्हा उतरलेला असायचा. मधलं मी पाहिलेलं नव्हतं. चिवळ इथे मिळत नाही, बायको कशाचा पाला घालायची कोण जाणे. विचारायला आता कोणी उरलं नव्हतं.

"मी सगळा थर्मास संपवला," मुलगी म्हणाली. "आणि रडले. सासूबाई घाबरल्या, त्यांना वाटलं खारट झालं. मी विचारलं, यात पाला कुठला? त्यांनी सांगितलं, नाझुना. बस. मी त्याला म्हटलं, हेच नाव."

मी घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडून पुन्हा घातला. फोनवर हे तिने का सांगितलं नाही असं विचारणार होतो, पण फोनवर मी तिला सांगू दिलं नव्हतं.

"मग उद्या मी बोलू का?" मी विचारलं.

"काकूंना सांगून झालंय बाबा. त्यांनी तयारी पण केलीय. आता कॅन्सल केलं तर बरं दिसणार नाही." ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही समोर बसा. तेवढं पुरे."

नामकरण एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. मी लवकर जाऊन खुर्च्या लावल्या, आठच्या सहा रांगा, मध्ये जायला वाट. टेबलावर पांढरं कापड, प्रतिमा, मेणबत्त्या. बायका पांढऱ्या साड्यांत आल्या. विहीणबाईंनाही कोणीतरी पांढरी साडी नेसवली होती, त्या निऱ्या हातात धरून चालत होत्या. त्या काकू, म्हणजे तिथल्या मंडळींतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाई, मूळच्या पुण्याच्या, निवृत्त शिक्षिका, हातात कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"तुम्हीच ना आजोबा? तुमच्यामुळे माझं काम सोपं झालं हो. अर्थ शोधत बसावं लागलं नाही."

"म्हणजे?"

"तुमच्या तिकडच्या ग्रुपवरचा मेसेज आमच्याकडे फिरत आला ना. शुभ्र कमळ! किती सुंदर. मी त्यावर छोटंसं बसवलंय, चिखल आणि कमळ आणि आपला समाज. पाच मिनिटं घेते, चालेल ना?"

बोलायला मला वेळ होता. त्या पुढे गेल्या, कोणाशी तरी माइकबद्दल बोलू लागल्या, तेव्हाही वेळ होता. मी बसलो. मुलगी पहिल्या रांगेत बाळाला घेऊन होती, तिने हे काही ऐकलं नव्हतं. त्रिसरण सुरू झालं. सगळ्यांबरोबर माझे ओठ हलत होते आणि मी विचार करत होतो, की कमळच राहू दे. पन्नासेक माणसं जेवून घरी जातील, आमच्या नातीचं नाव कमळ आहे म्हणून समाधानाने जातील. कोणी तपासणार नाही. मला हवं होतं तेच मला आयतं मिळत होतं. फक्त, मुलीच्या थर्मासमध्ये कमळ नव्हतं.

काकू उभ्या राहिल्या. "आज आपण जिचं नामकरण करत आहोत, तिचं नाव नाझुना. आणि नाझुना म्हणजे, तिच्या आजोबांनीच सांगितल्याप्रमाणे, शुभ्र..."

"नाही," मी म्हणालो.

मी उभा राहिलेलो होतो. मुलीने मान वळवून पाहिलं. तिला वाटलं असणार, बाबा आता भांडणार.

"माफ करा काकू. ती चूक माझी आहे. मी न तपासता बोललो. नाझुना म्हणजे कमळ नाही."

"मग?" काकूंनी विचारलं. माइक चालूच होता.

"तण आहे ते."

मागे कोणीतरी हसलं आणि थांबलं. मी लिहून आणलेलं काही नव्हतं. जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. ही वनस्पती कोणी पेरत नाही. हिवाळ्यात जमिनीला चिकटून राहते, थंडी सरत आली की बारीक पांढरी फुलं येतात. अमेरिकेत आपण सगळेच तिच्यावर औषध मारतो, मीही मारतो. जपानमध्ये ती वर्षाच्या सुरुवातीला पेजेत घालून खातात. शब्दाचं मूळ दोन प्रकारे सांगतात, हात फिरवावासा वाटतो ती भाजी, किंवा उन्हाळ्यात नसते ती. यातलं खरं कुठलं ते जाणकारांनाही ठरवता आलेलं नाही, तेव्हा मी ठरवत नाही. हिच्या आईला बाळंतपणानंतर अन्न जात नव्हतं, ते पहिल्यांदा या भाजीच्या पेजेने गेलं. ती पेज हिच्या जपानी आजीने केली होती. म्हणून हे नाव.

आजोबांबद्दलही बोलायचं मनात होतं. केर, गाव, वडिलांची लांब सही. हे सगळं माझ्या जिभेवर होतं, अशा कार्यक्रमात ते शोभलंही असतं. मी बाळाकडे पाहिलं आणि बोललो नाही. "एवढंच," म्हणालो आणि बसलो.

"अहो, मग माझं चिखल-कमळ काय करू मी?" काकू माइकवरच म्हणाल्या. "पाठ केलंय!"

"पुढच्या बाळाला वापरा काकू!" मागून एक बाई ओरडली, आणि हॉल हसला. विहीणबाईंना जावई कानात भाषांतर करून सांगत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहून वाकल्या, आणि मग, अगदी थोडी, मान नकारार्थी हलवली. त्यांचं मत बदललं नव्हतं. माझंही पूर्ण बदललं होतं असं मी म्हणणार नाही.

जेवणं झाली. माणसं बाळाला पाहून, गाल ओढून, एक एक करून गेली. मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की उजेड, चष्म्यातून नीट दिसलं नाही.

"पणजोबांचं बोलला नाहीत."

"नाही."

"मला वाटलं आता तेच काढणार."

"ते माझं आहे," मी म्हणालो. "तिला कशाला?"

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दारातून कोणीतरी हाक मारली, उरलेला पुलाव कोणाच्या डब्यात भरायचा म्हणून, आणि ती उठून गेली. ती परत येईल म्हणून मी थांबलो. मग कोणाला सोडायला ती पार्किंगमध्ये गेली. जावई खुर्च्या उचलत होता. माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं.

बाळ जागं होतं, छताकडच्या दिव्याकडे पाहत होतं. आजूबाजूला ऐकायला कोणी नव्हतं. मी पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली. एकदा हळू, मग थोडं मोठ्याने. ती दिव्याकडेच पाहत राहिली. ते नाव तिचं आहे हे तिला अजून माहीत नव्हतं.